पॉलिहाऊसचा पेपर पाइपावरच का फाटतो? उन्हातल्या प्लास्टिकचं आयुष्य

प्रश्न थोडक्यात असा. मावळात वीस गुंठ्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. वर २०० मायक्रॉनचा, तीन वर्षांच्या हमीचा प्लास्टिकचा पेपर. तिसऱ्या उन्हाळ्याआधीच तो पाइपांच्या रेषेत फाटायला लागला. शेजाऱ्याने ढोबळी मिरचीवर त्याच कंपनीचा, त्याच महिन्यात चढवलेला पेपर मात्र अजून धड आहे. त्याच शेतातल्या शेततळ्याचा कागद पाण्याखाली नव्यासारखा, पण काठावर कडक होऊन चिरलाय. आणि ठिबकच्या काळ्या नळ्या दहा वर्षं उन्हात पडूनही चालू आहेत. ‘हे सगळं प्लास्टिकच ना? मग भेसळ नेमकी कशात झाली?’

भेसळ बाजारात असते, नाही असं नाही. पण तुमच्या बाबतीत तिचा संशय मला सगळ्यात शेवटी येतो. त्याच मालाचा पेपर शेजारी टिकलाय. शिवाय तुमचा फाटलाय तो नेमका पाइपावर. दोन पाइपांच्या मधला भाग अजून बोटाने ताणला जातो असं तुम्हीच लिहिलंय. ऊन सोसायला मदत करणारं रसायन, ज्याला धंद्यात ‘यूव्ही’ म्हणतात, ते कमी घातलेला पेपर असता तर तो मधेही बिस्किटासारखा तुटला असता. मी आधी मास्टरबॅचच्या, म्हणजे प्लास्टिकात मिसळायच्या रंग-रसायनांच्या दाण्यांच्या धंद्यात होतो, नंतर फाटलेल्या-चिरलेल्या मालाच्या तपासणीत. तक्रार आली की आम्ही ‘किती वर्षांत फाटला’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘कुठे फाटला?’

हे समजायला ऊन प्लास्टिकचं नेमकं काय करतं ते आधी बघू. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातला अतिनील भाग साधारण २९५ ते ४०० नॅनोमीटरचा. एकूण उन्हात त्याचा वाटा जेमतेम पाच टक्के, पण रेणूंमधले बंध तोडायला लागणारी ऊर्जा त्याच्याकडे असते. गंमत अशी की अगदी शुद्ध पॉलिथिलीन हे किरण शोषतच नाही. पुस्तकाच्या हिशोबाने त्याला ऊन बाधायलाच नको. बाधतं, कारण इतकं शुद्ध पॉलिथिलीन बाजारात मिळत नाही. दाणा वितळवून फिल्म काढताना दोनशे अंशांच्या आसपास त्याचं थोडं ऑक्सिडेशन होतंच. लांबलचक साखळ्यांवर कुठेकुठे कार्बोनिल आणि हायड्रोपेरॉक्साइड असे ऑक्सिजनवाले गट बसतात, उत्प्रेरकाचे अंश मागे राहतात. ऊन पहिल्यांदा ह्याच जागा पकडतं. तिथे फ्री रॅडिकल, म्हणजे बंध तुटून उरलेला, कशालाही चिकटायला बघणारा तुकडा तयार होतो, हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो, तो शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो, त्यातून नवा हायड्रोपेरॉक्साइड बनतो. तोही उन्हात फुटतो आणि एका रॅडिकलचे दोन होतात. म्हणून ही झीज एका चालीने होत नाही, तिचा वेग वाढत जातो.

आता साखळ्या तुटतात कुठे, ते महत्त्वाचं. पॉलिथिलीनचा काही भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो, काही भाग विस्कळीत. ऑक्सिजनला शिरकाव मिळतो तो विस्कळीत भागात. आणि एका स्फटिकाला दुसऱ्याशी बांधून ठेवणाऱ्या साखळ्या ह्याच भागातून गेलेल्या असतात. त्यांतल्या थोड्या तुटल्या तरी पुरतं. वजन तेवढंच, मायक्रॉन तेवढेच, रंगही जवळपास तोच, पण ताण सोसायची ताकद गेलेली. नवा चांगला पेपर तुटण्याआधी मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणला जातो. ही ताणण्याची क्षमता नव्याच्या निम्म्यावर आली की पेपरचं आयुष्य संपलं, असं मानायची पद्धत आहे. दुकानात मायक्रॉन मोजायचं यंत्र घेऊन बसणारे लोक मी पाहिलेत. जाडी कमी दिली की नाही एवढंच त्याने कळतं. पेपर किती जगलाय आणि किती जगेल, ते कळत नाही.

ही साखळी थोपवायला पेपरात स्टॅबिलायझर घालतात. आज पॉलिहाऊसच्या पेपरात मुख्यतः ‘हाल्स’ नावाच्या कुळातला असतो, म्हणजे हिंडर्ड अमाइन प्रकारचा. प्रमाण अगदी थोडं, टक्क्याच्या काही दशांशात, पण दाण्याच्या मानाने किंमत फार, म्हणून हात आखडला जातो तो इथेच. हा पदार्थ ऊन शोषत नाही. तयार झालेले फ्री रॅडिकल पकडतो, आणि पकडून झाल्यावर स्वतः पुन्हा कामाला तयार होतो. त्यामुळे इतक्या कमी प्रमाणात आणि इतक्या पातळ फिल्ममध्येही तो वर्षानुवर्षं पुरतो. तो पुरेसा आहे तोवर पेपरमध्ये दिसण्यासारखं जवळजवळ काहीच होत नाही. तो संपला की मात्र थोड्याच महिन्यांत सगळा खेळ आटपतो. ‘दिवाळीपर्यंत चांगला होता हो, होळीला अचानक गेला,’ असं शेतकरी सांगतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. ‘अचानक’च्या आधी दोन-अडीच वर्षं स्टॅबिलायझर खर्च होत होता, एवढंच.

तेव्हा तुमच्या पेपरबद्दलचा खरा प्रश्न असा: पाइपावरचा स्टॅबिलायझर मधल्या भागाच्या आधी का संपला?

पहिलं कारण उष्णता. एप्रिल-मे महिन्यात दुपारी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाला हात लावून बघा, हात फार वेळ ठेवता येणार नाही. मधला पेपर वाऱ्याने गार राहतो, आतली हवा हलती असते. पाइपाला चिकटलेला पेपर मात्र दोन्हीकडून भाजतो. अशा रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, असा आमच्याकडचा ढोबळ नियम आहे. पाइपावर पंधरा अंश जास्त धरले तरी तिथलं प्लास्टिक मधल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने म्हातारं होतंय. त्यात तिथेच पेपरला ताण आहे, वाऱ्याने घासणं आहे, पेपर अडकवायच्या पट्टीच्या, म्हणजे प्रोफाइलच्या कडेला झिगझॅग स्प्रिंगचा दाब आहे. पेपर चढवतानाच पाइपाच्या रेषेवर, पेपरच्या बाहेरच्या बाजूने पांढरा पाण्याचा रंग मारला तर ह्यातलं बरंच टळतं. रंग ऊन परतवतो आणि पाइप सावलीत राहतो. रंग अ‍ॅक्रिलिक, पाण्यात मिसळणारा हवा. ऑइलपेंट आणि थिनर पेपरला लावू नका. काही जण पाइपाला पीव्हीसीची नळी चिरून गुंडाळतात किंवा पीव्हीसी टेप लावतात. हेतू चांगला, पण पीव्हीसी उन्हात तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो पेपरच्या स्टॅबिलायझरचा शत्रू आहे. पीव्हीसीचा स्पर्श पेपरला होऊ देऊ नका.

दुसरं कारण तुमच्या प्रश्नात एका वाक्यात सहज येऊन गेलंय: ‘भुरीसाठी थंडीत गंधकाचा बर्नर रात्री चालू असतो.’ माझ्या मते सगळ्यात मोठा हात ह्याचाच. गुलाबाला भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येणारच, आणि फेब्रुवारीच्या मागणीसाठी डिसेंबर-जानेवारीत फुलांची तयारी चालते तेव्हा नेमक्या थंड रात्री असतात. त्यामुळे बर्नर लावू नका असं मी म्हणणार नाही. पण होतं काय ते बघा. गंधकाची वाफ उठते आणि सगळ्यात गार पृष्ठभागावर, म्हणजे पेपरच्या आतल्या बाजूला आणि पाइपांवर, बारीक थर होऊन बसते. बर्नर जास्त तापला तर गंधक जळून सल्फर डायऑक्साइडही होतो. ऊन, ओल आणि ऑक्सिजन मिळाला की ह्या सगळ्याचं आम्लात रूपांतर होतं. हाल्स हा मुळात अमाइन, म्हणजे आम्लारी. आम्ल आलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि रॅडिकल पकडायचं काम तो सोडून देतो. म्हणजे पेपरात स्टॅबिलायझर आहे, पण निकामी. पाइप आणि पेपर यांच्या मधल्या फटीत पहाटेचं दव आणि हे आम्ल सगळ्यात जास्त वेळ साचून राहतं. वर तिथेच उष्णता. दोन्ही कारणं एकाच रेषेवर येऊन बसतात.

शेजाऱ्याकडे बर्नर नाही, असंही तुम्ही लिहिलंय. दोन पेपरांमधला फरक मला तरी तेवढ्यावर समजतो. पाण्यात विरघळणारं गंधक फवारलं तरी पेपरवर परिणाम होतोच, पण फवारा झाडावर मारला आणि पेपरवर उडू दिला नाही तर तो बराच कमी असतो. वाफेचं गंधक मात्र थेट छतालाच जाऊन भेटतं. क्लोरिन असलेली काही कीटकनाशकं आणि बुरशीनाशकंही हाल्सला अशीच मारतात. तांब्याचा मामला वेगळा आहे. तांब्याचे अंश पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनचं ऑक्सिडेशन वेगाने पुढे ढकलतात, म्हणून बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारणाऱ्या द्राक्षबागायतदाराने वरच्या आच्छादनावर फवारा जाणार नाही हे पाहायला हवं.

आता हमीचा कागद काढून त्यातली बारीक अक्षरं वाचा. बहुतेक कंपन्या पेपरमध्ये सापडणाऱ्या गंधकाची आणि क्लोरिनची कमाल मर्यादा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग अशी देतात. ती ओलांडली की हमी संपली. हे कलम बदमाशीचं नाही. पण विकणाऱ्याने विकताना ‘तुमचं पीक कोणतं, बर्नर लावता का?’ हे विचारायला हवं, आणि ते फारसं कुणी विचारत नाही. पुढचा पेपर घेताना तुम्हीच सांगा की गुलाब आहे, गंधक जळतं. अशा पिकांसाठी आम्लाला दाद न देणारा, कमी आम्लारी असलेला हाल्स वापरलेले पेपर मिळतात. ते महाग असतात आणि गुलाबाला ते परवडतात. ढोबळी मिरचीला ते घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

शेततळ्याकडे वळू. पाण्याखालचा कागद नवा आणि वरचा पट्टा म्हातारा ह्यात आश्चर्य नाही. गढूळ, शेवाळलेल्या पाण्यातून अतिनील किरण फार खोल जात नाहीत, पाणी कागदाला गार ठेवतं आणि पाण्यात ऑक्सिजनही हवेच्या मानाने फारच थोडा. पण लोकांच्या लक्षात येत नाही अशी एक गोष्ट आहे. सगळ्यात आधी जातो तो बहुतेक वेळा अगदी वरचा काठ नसतो; पाण्याची पातळी जिथे वरखाली होत राहते तो पट्टा आधी जातो. तिथे कागद भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो. हलक्या प्रकारचे स्टॅबिलायझर पाण्याबरोबर हळूहळू निघून जातात, आणि मग पाणी खाली गेलं की तोच भाग मेच्या उन्हात उघडा पडतो.

दुसरं म्हणजे तापमानाने होणारं आकुंचन. एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनची लांबी दर अंशाला, दर मीटरला ०.१५ ते ०.२ मिलिमीटरने बदलते. आकडा बारीक वाटतो. पण तीस मीटर लांबी आणि दुपारच्या तापलेल्या कागदापासून डिसेंबरच्या पहाटेपर्यंत चाळीस अंशांचा फरक धरा: कागद एक वीतभर आखडायला बघतो. वर चरात मातीने घट्ट गाडलेला, खाली पाण्याने दाबलेला, म्हणजे आखडायला जागाच नाही. तो सगळा ताण उतारावर येतो. उन्हाने कागदाची वरची कातडी आधीच ठिसूळ झालेली असते. ५०० मायक्रॉनच्या कागदात ऑक्सिजन आणि ऊन मुख्यतः वरच्या थरात काम करतात, आतला गाभा बराच काळ चांगला राहतो. पण वरच्या थराला एक बारीक चीर पडली की ताण तिच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर चांगल्या गाभ्यातूनही आरपार जाते. तुमच्या कागदावरच्या चिरा काठाला समांतर, आडव्या आहेत ना? मग ताण आणि ऊन दोन्हींचं मिळून हे काम आहे. घड्यांच्या रेषांवर आधी चिरलाय का तेही बघा. घडी म्हणजे कायमचा ताण.

पुढच्या वेळी कागद अंथरताना ढील सोडा, दुपारी तापलेला कागद ताणून गाडू नका. उघड्या पट्ट्यावर जुनी शेडनेट दुहेरी करून टाकली तरी खूप फरक पडतो. विणलेल्या आणि वर थर चढवलेल्या कागदासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे, घेताना त्याचा शिक्का बघा. विणलेल्या कागदात वरचा थर पातळ असतो. तो सोलून निघाला की खालच्या पट्ट्या थेट उन्हात येतात, आणि त्या फार दिवस टिकत नाहीत. काठावर कुत्री आणि शेळ्या उतरतात, त्यांची नखं वेगळीच.

आणि काळ्या नळ्या? त्यांचं रहस्य साधी काजळी आहे, धंद्यातल्या भाषेत कार्बन ब्लॅक. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने टेलिफोनच्या केबलवर शिशाऐवजी पॉलिथिलीन चढवायचं ठरवलं तेव्हा दोन-तीन टक्के बारीक काजळी नीट मिसळली की पॉलिथिलीन उन्हात दशकं टिकतं हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. आपल्याकडे एचडीपीई पाइपांच्या आयएस ४९८४ मानकातही काजळीचं प्रमाण २.५ टक्के, अर्धा टक्का इकडे-तिकडे, असंच आहे. काजळी ऊन पृष्ठभागालाच अडवते, आत जाऊच देत नाही. काळा पाइप तापतो खरा, तरी ऊन आत न गेल्याचा फायदा तापण्याच्या तोट्यापेक्षा फार मोठा ठरतो. पॉलिहाऊसच्या पेपरला ही सोय नाही. त्याला उजेड आत सोडायचाच आहे.

पण काळं म्हणजे टिकाऊ असं समजू नका. काजळीचे कण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे असायला लागतात आणि सगळीकडे सारखे पसरलेले असायला लागतात. गुठळ्या राहिल्या तर मधे उघडी जागा राहते, शिवाय प्रत्येक गुठळी ही चीर सुरू व्हायची जागा. रीसायकल दाण्याचा काळा लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, पहिल्या दोन वर्षांत चांगल्यासारखाच दिसतो. धारदार ब्लेडने त्याचा अगदी पातळ, पारदर्शक होईल इतका काप काढा आणि उजेडाकडे धरा. एकसारखा करडा दिसला तर ठीक. रेघोट्या, ठिपके, तपकिरी ढग दिसले तर तो घेऊ नका. दुसरी परीक्षा म्हणजे बादलीभर पाणी. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, काजळीसकट तरंगतं. तुकडा बुडाला तर त्यात खडूची भर जास्त आहे किंवा तो पॉलिथिलीन नाही. तुकडा बोटांत दाबून हवेचे बुडबुडे आधी काढा, नाहीतर बुडणाराही तरंगेल.

नळ्या टिकल्या तरी जोड आधी जातात हेही तुमच्या लक्षात आलं असेल. नळी जोडायच्या रबरी कडीच्या आणि तोटीच्या, म्हणजे ग्रोमेट आणि टेक-ऑफच्या भोवती प्लास्टिक कायम ताणलेलं असतं, त्यावर खताचं आणि आम्लाचं पाणी खेळतं. ताणलेलं पॉलिथिलीन काही द्रवांच्या संपर्कात, ऊन नसतानाही, चिरतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतही तेच. चीर बहुतेक वेळा नळाच्या जोडापाशी किंवा तळाला सुरू होते, कारण टाकी सपाट ओट्यावर नीट टेकलेली नसते आणि जोडणीचा पाइप तिला ओढत असतो. टाक्यांसाठी आयएस १२७०१ आहे, पण शिक्का बघून घेतलेली टाकी दोन विटांवर उभी केली तर शिक्का काय करणार?

बाकीच्या प्लास्टिकांबद्दल फार लिहीत नाही, पण घरी-शेतात लागतात म्हणून थोडं.

पीव्हीसीची गोष्ट वेगळी आहे. ऊन आणि उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, साखळीत दुहेरी बंधांच्या रांगा तयार होतात आणि त्या रांगाच आपल्याला पिवळेपणा, मग तपकिरीपणा म्हणून दिसतात. उघड्यावर पडलेला पीव्हीसी पाइप पाण्याचा दाब बराच काळ सोसतो, पण आघात सोसत नाही. कुदळीचा हलका दांडा बसला तरी तडकतो. म्हणून सबमेन, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरवणारी लाइन, जमिनीत गाडायची आणि वर आलेल्या तुकड्याला पांढरा रंग द्यायचा. मऊ पीव्हीसीच्या नळीतून मऊपणा देणारं तेल निघून जातं, म्हणून बागेतली नळी दोन उन्हाळ्यांत काठीसारखी होते.

पॉलिप्रॉपिलीन हे पॉलिथिलीनपेक्षा उन्हाला नाजूक. त्याच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर सहज ओढून घेता येणारा हायड्रोजन असतो. स्टॅबिलायझर न घातलेली सिमेंटची गोणी अंगणात काही महिने पडली की हातात चुरा येतो तो ह्यामुळे. मोल्डेड खुर्च्या बहुतेक ह्याच प्लास्टिकच्या, वर खडूची भर घातलेल्या. अंगणातली खुर्ची बोटाने घासून पांढरी भुकटी हाताला लागली की ती घरात घ्या किंवा भंगारात द्या. तिचा पाय मोडतो तो कुणी बसलेलं असतानाच.

पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यावर अतिनील अडवणारा थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. वरचं संरक्षक प्लास्टिक काढण्याआधी कोणती बाजू सूर्याकडे हे त्यावर लिहिलेलं असतं. कारागीर घाईत दोन्ही बाजूंचं प्लास्टिक आधी सोलतो, पत्रा उलटा बसतो आणि दोन-तीन वर्षांत पिवळा होतो. उभं राहून बसवून घ्या. पिवळा पत्रा उलटवून पुन्हा चांगला होत नाही.

ताडपत्रीबद्दल कोकणातले आणि मुंबईतले लोक म्हणतात, पावसाने गेली. पावसाने ती जात नाही. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरपासून ती तशीच छपरावर राहते आणि मग उन्हाने जाते. पुढच्या जूनमध्ये वारा फक्त ते उघड करतो. काढून, वाळवून, घडी न घालता गुंडाळून सावलीत ठेवली तर तीच ताडपत्री कितीतरी जास्त पावसाळे काढते. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ आहे, शेडनेटसाठी आयएस १६००८.

आता हमीच्या वर्षांबद्दल, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथे आहेत. प्लास्टिक वर्षं मोजत नाही, ऊन मोजतं. आमच्या धंद्यात ते किलोलँग्लेमध्ये मोजतात. एक किलोलँग्ले म्हणजे दर चौरस मीटरला ४१.८४ मेगाज्यूल. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर दिवसाला पाच ते साडेपाच युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडतं. हिशोब केला तर वर्षाला साधारण १६० ते १७० किलोलँग्ले होतात. उत्तर जर्मनीत वर्षाला सुमारे हजार युनिट, म्हणजे ८५ किलोलँग्लेच्या आसपास. तिकडे चार वर्षं चालणारा पेपर इकडे दोन वर्षांत तेवढंच ऊन खातो, उष्णतेचा हिशोब वेगळाच. म्हणून परदेशी पेपरच्या पत्रकावर ‘चार हंगाम’ लिहिलेलं असेल तर विचारा, कोणत्या देशातले हंगाम? आणि वर्षांऐवजी किलोलँग्लेचा आकडा मागा. विक्रेत्याला हा प्रश्न कळला नाही तर कंपनीच्या तांत्रिक माणसाचा फोन नंबर मागा.

प्रयोगशाळेतल्या तासांचंही तसंच. ‘आमचा पेपर इतके हजार तास पास’ असं सांगतात, पण कोणत्या दिव्याखाली हे सांगत नाहीत. झेनॉन दिव्याचा प्रकाश उन्हाच्या जवळ जातो. यूव्हीबी-३१३ ह्या फ्लुओरेसंट दिव्यात तर २९५ नॅनोमीटरच्या खालचे, जमिनीवरच्या उन्हात नसलेलेच किरण असतात. ते असे बंध तोडतात की जे शेतात कधी तुटणार नाहीत, त्यामुळे दोन पेपरांचा क्रमही उलटसुलट लागू शकतो. अमुक तास म्हणजे अमुक वर्षं असं कोणतंही पक्कं कोष्टक नाही. आणि ह्यांतल्या कोणत्याच दिव्याखाली कुणी गंधक जाळलेलं नसतं.

तुमच्या पेपरचं आता काय करायचं ते सांगतो. तक्रार करायची असेल तर आधी दोन तुकडे कापून घ्या, एक फाटलेल्या रेषेवरचा, एक दोन पाइपांच्या बरोबर मधला, आणि दोन्हींवर जागा आणि तारीख लिहा. धुऊ नका, नाहीतर वर बसलेलं गंधक जाईल. छत्रपती संभाजीनगरला सिपेट ह्या प्लास्टिकवर काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं केंद्र आहे, तशा प्रयोगशाळेत ताणण्याची क्षमता मोजून मिळते. इन्फ्रारेड तपासणीच्या आलेखात १७१५ (प्रति सेंटीमीटर) च्या आसपास कार्बोनिलचा उंचवटा किती वाढलाय त्यावरून ऑक्सिडेशन किती झालंय ते कळतं. गंधकाचं प्रमाण स्वतंत्र मागा. मधला तुकडा नव्याच्या निम्म्याहून जास्त ताणला जात असेल आणि रेषेवर गंधक भरपूर निघालं, तर नुकसानभरपाईच्या मागे वेळ घालवू नका, मिळणार नाही. उलट मधला तुकडाही ठिसूळ निघाला आणि गंधक मर्यादेच्या आत असलं, तर मात्र सोडू नका. तेव्हा तुमचा भेसळीचा संशय खरा ठरण्याची शक्यता मोठी.

नवा पेपर येईल तेव्हा रोलच्या टोकाचा एक मीटर कापून, काळ्या पिशवीत गुंडाळून, बिलासोबत कपाटात ठेवा. रोलवरचा बॅच नंबर त्या तुकड्यावरच मार्करने लिहा. पुढे वाद झाला तर ‘नव्याच्या निम्म्यावर आला’ हे सिद्ध करायला नवा तुकडा लागतो, आणि तो तेव्हा कुणाकडेच नसतो. चढवायच्या आधी पाइपांवरचा गंज घासून काढा, जुनं गंधक धुऊन काढा. ते तसंच ठेवलं तर नवा पेपर पहिल्या दिवसापासून त्याच आम्लावर बसेल. वारा पडलेला असताना, फार ऊन नसताना चढवा. बर्नरचं तापमान नियंत्रित असलेला प्रकार घ्या म्हणजे गंधक जळणार नाही, नुसती वाफ होईल. बर्नरचा गंधकाचा पेला थेट छताखाली टांगू नका आणि सकाळी पडदे उघडून आतली हवा जाऊ द्या.

जुन्या पेपरच्या पाइपावरच्या पट्ट्या कापून टाकल्या की मधला भाग अजून कामाचा आहे, गोठ्याला किंवा चाऱ्याच्या गंजीला एखाद-दुसरा पावसाळा तो चालेल. शेततळ्याच्या काठावर मात्र तो टाकू नका. तो पारदर्शक आहे, ऊन थांबणार नाही, उलट खालचा कागद आणखी तापेल. तिथे शेडनेटच.